दोन किलवरची ओपनिंग: मोठी पानं आल्यावर बोली कशी चालवायची

ब्रिजमध्ये दोन किलवरने ओपन करण्याजोगी, म्हणजे फारच बलवान, पानं रोज येत नाहीत. संध्याकाळभर चोवीस बोर्ड खेळून घरी आलात तरी बहुतेक वेळा ती एकदाही दिसलेली नसतात. त्यामुळे या बोलीवर कुणाचा हात बसत नाही. एक नो ट्रम्पची (हुकमाशिवायच्या बोलीची) उत्तरं झोपेतून उठवलं तरी देणारी माणसं पार्टनरने दोन किलवर म्हणताच गडबडतात. कुणी आठ गुण (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) पाहून उडी मारतो, तर कुणी शून्य गुण पाहून पास करतो. स्लॅम (तेरापैकी बारा किंवा तेरा हात) टेबलावर पडलेली असते आणि स्कोअरशीटवर चार इस्पिक, वर दोन जास्तीचे हात असं लिहिलं जातं.

यातल्या बहुतेक चुका जागेच्या उधळपट्टीतून होतात. २ किलवर आणि ३ नो ट्रम्प यांच्यामध्ये मोजून आठ बोली आहेत. तेवढ्यात ओपनरला (पहिली बोली देणाऱ्याला) आपला रंग सांगायचा असतो आणि रिस्पॉन्डरला (त्याच्या पार्टनरला) आपल्याकडे काही आहे की नाही ते सांगायचं असतं. त्यामुळे रिस्पॉन्डरने पहिल्या फेरीत सगळ्यात स्वस्त बोली देऊन गप्प बसायचं आणि दुसऱ्या फेरीत नेमकं बोलायचं. प्रत्यक्षात पहिल्या फेरीत उत्साह दाखवला जातो आणि दुसऱ्या फेरीत मिळेल ती बोली फेकली जाते.

या लेखात मेजरच्या (इस्पिक किंवा बदामच्या) ओपनिंगला पाच पानं, एक नो ट्रम्पला १५ ते १७ गुण आणि २ चौकट, २ बदाम, २ इस्पिक या ओपनिंग कमकुवत अशी नेहमीची पद्धत धरली आहे. प्रिसिजन ही वेगळी बोलीपद्धत खेळणाऱ्यांची मोठी पानं एक किलवरनेच सुरू होतात आणि त्यांच्या दोन किलवरमध्ये खरोखरच किलवर असतं, म्हणून त्यांना यातलं फारसं लागू होणार नाही. पुढे सगळीकडे ‘हात’ म्हणजे जिंकायचे हात. हातात धरलेल्या तेरा पानांना मी ‘पानं’ म्हणतो.

टप्पा १: बसण्याआधी पार्टनरशी काय ठरवायचं

खालच्या प्रश्नांची उत्तरं दोघांनी लिहून ठेवावीत. ‘स्टँडर्ड खेळू’ म्हणून भागत नाही, कारण स्टँडर्डच्या नावाखाली तीन-चार वेगवेगळ्या पद्धती चालतात.

१. पार्टनरच्या दोन किलवरला २ चौकट हे उत्तर नुसतं थांबा-ऐकतो असं आहे की पानं वाईट असल्याचं सांगणारं आहे? या लेखात ते थांबण्याचं आहे. शून्य गुणांवरही २ चौकट आणि दहा गुणांवरही २ चौकट. इंग्रजीतला ‘वेटिंग’ शब्द क्लबात रूढ आहे, तो याच अर्थाने.

२. अगदी भिकार पानं कधी आणि कशी सांगायची? इथे दुसऱ्या फेरीत, स्वस्त मायनरने (किलवर किंवा चौकट, त्या वेळी जे खाली पडेल ते).

३. दोन किलवरनंतर गेमच्या (बोनस देणाऱ्या पातळीच्या: ३ नो ट्रम्प, मेजरमध्ये ४, मायनरमध्ये ५) आत थांबता येतं का? इथे दोनच ठिकाणी येतं. ओपनरने २ नो ट्रम्प म्हटल्यावर, आणि भिकार पानं सांगून झाल्यावर ओपनरने आपलाच रंग तीनच्या पातळीवर पुन्हा म्हटल्यावर.

४. प्रतिस्पर्धी मध्ये बोलले तर डबल (एरवी त्यांचा दंड वाढवण्यासाठीची बोली) आणि पास यांचे अर्थ काय?

काही जोड्या याऐवजी २ बदामने लगेच शून्य ते तीन गुण दाखवतात आणि २ चौकटला गेमपर्यंत नेणारं उत्तर मानतात. तीही चांगली पद्धत आहे. मात्र एकजण ती खेळतोय आणि दुसरा ही खेळतोय, असं चालणार नाही. बदामचा राजा-राणी आणि पाच पानं घेऊन तुम्ही २ बदाम म्हणालात आणि पार्टनरला ते शून्य गुण वाटले, की पुढचं सगळं वाया.

टप्पा २: ओपन करायचं की नाही

समतोल पानं असतील, म्हणजे ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२, तर प्रश्न फक्त गुणांचा आहे. २० ते २१ असतील तर सरळ २ नो ट्रम्प. २२ ते २४ असतील तर २ किलवर, मग २ नो ट्रम्प. २५ ते २७ असतील तर २ किलवर, मग ३ नो ट्रम्प. ५-३-३-२ मधली पाच पानं मेजरची असली तरी मी नो ट्रम्पच म्हणतो. ती पाच पानं नंतर ट्रान्सफर किंवा स्टेमनमधून (नो ट्रम्पनंतर मेजर शोधण्याच्या ठरलेल्या बोलींतून) सापडायची असतील तर सापडतात.

पानं समतोल नसतील तेव्हा मात्र गुण बाजूला ठेवून हात मोजा. पार्टनरकडे काहीही नाही असं धरून तुमचे स्वतःचे किती हात होतात? मुख्य रंग मेजर असेल तर नऊ हवेत, मायनर असेल तर दहा. मायनरला एक जास्त का? एक तर तिथे गेमला अकरा हात लागतात. दुसरं म्हणजे २ किलवर – २ चौकट – ३ चौकट असं झालं की तुम्ही नुसता रंग सांगेपर्यंत तीनच्या पातळीवर पोचलेले असता.

ही पानं पाहा:

इस्पिक: एक्का राजा राणी गुलाम ९ ४
बदाम: एक्का राजा ५
चौकट: एक्का ७
किलवर: ८ ३

गुण २१ आहेत. २२ नाहीत म्हणून अनेकजण इथे एक इस्पिकवर समाधान मानतात. हात मोजा: इस्पिकचे सहा, बदामचे दोन, चौकटचा एक. नऊ झाले. ही दोन किलवरची पानं आहेत. यांना आपण ‘पहिली पानं’ म्हणू, पुढे ती पुन्हा लागतील.

आता याच्या उलट:

इस्पिक: राजा
बदाम: एक्का राणी ७ ३
चौकट: एक्का राजा गुलाम ५
किलवर: राजा राणी ६ २

गुण पूर्ण २२, तरी मी एक चौकट म्हणेन. इस्पिकचा एकटा राजा पहिल्याच फेरीत पडण्याची भीती आहे, लांब रंग एकही नाही, आणि २ किलवर – २ चौकटनंतर सांगणार काय? ३ चौकट म्हटलं तर पार्टनर पाच-सहा पानं धरणार. २ नो ट्रम्प म्हटलं तर तो समतोल पानं धरून तुम्हाला इस्पिकमध्ये ढकलणार. ४-४-४-१ ला दोन किलवर म्हणजे स्वतःच खणलेला खड्डा आहे, गुण २४-२५ च्या पुढे गेल्याशिवाय त्यात उतरू नये.

यावर नेहमी विचारलं जातं, ‘एक चौकटवर सगळ्यांनी पास केलं तर?’ डावात एकूण गुण ४०. तुमच्याकडे २२ असताना पार्टनरकडे पाचसुद्धा नसतील, तर प्रतिस्पर्ध्यांकडे निदान चौदा गुण आणि चांगल्यापैकी इस्पिक असणार. ते क्वचितच गप्प बसतात. समजा बसलेच, तर तुमचा गेम बहुधा नव्हताच.

तिसरा नमुना:

इस्पिक: एक्का राजा राणी गुलाम १० ९ ७ ४
बदाम: ५
चौकट: ६ ३
किलवर: ८ २

आठ हात पक्के, गुण दहा. ‘हात तर भरपूर आहेत’ म्हणून काहीजण दोन किलवर म्हणतात. म्हणू नका. दोन किलवर ऐकल्यावर पार्टनर तुमच्याकडे बाहेरचे एक्के-राजे धरतो. तो स्लॅमला जाईल, नाहीतर प्रतिस्पर्ध्यांना डबल करून हात शोधत बसेल, आणि तुमच्याकडे इस्पिकबाहेर एकही हात नसेल. इथे चार इस्पिक म्हणून मोकळं व्हायचं. शिवाय स्पर्धेत अशा पानांना ‘बलवान’ म्हणून समजावलं तर डायरेक्टर येऊन बसतो.

तपासा: दोन किलवरचं कार्ड बॉक्समधून काढण्याआधी स्वतःला विचारा, ‘२ चौकट आल्यावर मी काय म्हणणार?’ उत्तर तयार नसेल तर एकच्या पातळीवर ओपन करा.

इशारा: पानं उघडल्यावर दोन मिनिटं टक लावून बघणं, खुर्चीत सावरून बसणं, पुन्हा पुन्हा मोजणं, यातून पार्टनरला नको ती माहिती जाते आणि ती वापरणं नियमाविरुद्ध आहे. मोठी पानं असोत की छोटी, एकाच वेगाने बोला.

टप्पा ३: पहिलं उत्तर

दोन किलवरला पास नाही. तुमच्याकडे एकही चित्र नसलं आणि किलवरची सात पानं असली तरी पास नाही. दोन किलवरमध्ये किलवर नसतं, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी पानं अगदीच रद्दी आली की हात आपोआप पासच्या हिरव्या कार्डाकडे जातो.

दहापैकी नऊ वेळा उत्तर २ चौकट असतं. बाकीच्या उत्तरांना कडक अटी आहेत.

२ बदाम किंवा २ इस्पिक: पाच किंवा जास्त पानं, त्यात एक्का-राजा-राणीपैकी दोन, आणि एकूण आठ गुण.

३ किलवर किंवा ३ चौकट: अटी त्याच, पण मी सहा पानं मागतो. तुम्ही ओपनरची अख्खी एक पातळी खाताय, तेवढी किंमत त्या रंगात हवी.

२ नो ट्रम्प: जुन्या पद्धतीत हे आठ गुण आणि समतोल पानं दाखवतं. माझा सल्ला, हे उत्तर यादीतून काढूनच टाका. बोली पुढे नो ट्रम्पमध्ये संपली तर तुम्ही डिक्लेअरर (डाव खेळणारे) होता आणि बलवान पानं डमी म्हणून टेबलावर उघडी पडतात. पहिलं पान तुमच्या डावीकडून, म्हणजे डमीच्या एक्का-राणीतून आरपार येतं. तीच पानं डिक्लेअररच्या हातात असती तर पहिलं पान त्यांच्याकडे चालत आलं असतं.

चुका बहुतेक मेजरच्या उत्तरात होतात. बदाम राणी-९-६-५-२ आणि बाहेर एक एक्का, एक राजा. गुण नऊ, पानं पाच. हात शिवशिवतात. तरी २ चौकट. तुम्ही २ बदाम म्हणाल तर पार्टनर राजा-राणीसारखा रंग धरून सात बदामपर्यंत जाऊ शकतो. तुमचे नऊ गुण कुठे पळून जात नाहीत, ते पुढच्या फेरीत सांगा. बदाम राजा-राणी-१०-८-४ आणि बाहेर किलवरचा राजा, तर मात्र खुशाल २ बदाम म्हणा.

टप्पा ४: ओपनरची दुसरी बोली

हा टप्पा सोपा आहे. समतोल असाल तर नो ट्रम्प, नाहीतर लांब रंग, शक्य तितक्या खाली. दोन रंग सारख्या लांबीचे असतील तर वरचा आधी, म्हणजे इस्पिक आणि बदाम पाच-पाच असतील तर आधी इस्पिक.

उडी मारू नका. तुम्ही दोन किलवर म्हटलंय, पानं मोठी आहेत हे टेबलावरच्या चौघांनाही कळलंय. २ किलवर – २ चौकट – ३ इस्पिक ही उडी फक्त एका वेळेसाठी राखून ठेवा. रंग इतका पक्का आहे की पार्टनरकडे त्याचं एकही पान नसलं तरी चालेल, हुकूम ठरला, आता तुझे एक्के-राजे सांगत जा.

टप्पा ५: रिस्पॉन्डरची दुसरी बोली

इथे थांबून वाचा. दोन किलवरच्या डावांची हार-जीत बहुतेक वेळा याच बोलीवर ठरते.

बोली अशी चालली आहे: २ किलवर – २ चौकट – २ इस्पिक. आता तुमची पाळी.

३ किलवर म्हणजे भिकार पानं, शून्य ते तीन गुण, आकार कसाही असो. हीच ती स्वस्त मायनरची बोली. किलवरशी तिचा संबंध नाही.

३ इस्पिक म्हणजे तीन किंवा जास्त इस्पिक, आणि निदान एक एक्का किंवा राजा.

४ इस्पिक म्हणजे इस्पिक आहे, एखाद-दुसरी राणी-गुलाम आहे, पण एक्का नाही, राजा नाही, कुठल्या रंगात एकच पान किंवा शून्य पानंही नाहीत.

२ नो ट्रम्प म्हणजे इस्पिक नाही, सांगण्याजोगा रंग नाही, पण पानं भिकारही नाहीत.

३ चौकट किंवा ३ बदाम म्हणजे त्या रंगाची पाच पानं आणि चार किंवा जास्त गुण.

खरंच किलवरचा लांब रंग असेल तर अडचण होते, कारण ३ किलवर दुसऱ्या कामाला गेलंय. आधी २ नो ट्रम्प म्हणा, किलवर नंतर. ओपनरने ३ किलवर म्हटलं असेल तर भिकार पानांसाठी ३ चौकट. ओपनरने ३ चौकट म्हटलं तर स्वस्त मायनर चारच्या पातळीवर जातो. तिथे काय करायचं ते दोघांनी वेगळं ठरवा. मी तिथे ३ बदामला तो अर्थ देतो.

यादीतल्या ३ इस्पिक आणि ४ इस्पिक यांच्याकडे पुन्हा बघा. तीन ही बोली चारपेक्षा बलवान आहे. नवख्यांना हे उलटं वाटतं, आणि बरीच वर्षं खेळलेलेही चांगली पानं आली म्हणून चारवर जातात. गेम तर होणारच आहे. चार इस्पिक म्हणून तुम्ही फक्त स्लॅम शोधायची जागा बंद करता. म्हणून ते काम वाईट पानांना द्या आणि चांगल्या पानांना सावकाश जाऊ द्या.

टप्पा २ मधल्या पहिल्या पानांसमोर ही पानं ठेवा:

इस्पिक: १० ६ ३ २
बदाम: राणी ७ ४ २
चौकट: राजा ९ ५ ३
किलवर: ६

गुण पाच. क्लबात दहापैकी सातजण इथे चार इस्पिक म्हणतील असं मी पैजेवर सांगतो. ‘पाचच तर गुण आहेत.’ आता हात मोजा. इस्पिकचे सहा, बदामचा एक्का-राजा-राणी असे तीन, चौकटचा एक्का-राजा असे दोन, आणि किलवर एकदा हरून दुसरं किलवर डमीत हुकूम मारून एक. बारा झाले. दोघांचे मिळून गुण २६, आणि सहा इस्पिक पक्कं. प्रतिस्पर्ध्यांनी पहिल्या किलवरनंतर हुकूम फिरवला तरी बिघडत नाही. बाहेर तीनच हुकूम आहेत आणि डमीत चार.

बोली अशी जायला हवी. २ किलवर – २ चौकट – २ इस्पिक – ३ इस्पिक. मग ओपनर ४ चौकट म्हणतो. चौकटचा एक्का आहे आणि ४ किलवर गाळलं, म्हणजे किलवरात पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीचा ताबा (एक्का, राजा, एकच पान किंवा शून्य पानं) नाही. रिस्पॉन्डरला नेमकं हेच हवं होतं. किलवरचं एकच पान, चार हुकूम, वर चौकटचा राजा आणि बदामची राणी. तो ५ किलवर म्हणतो. गेमची पातळी ओलांडून तो बोलला, याचाच अर्थ किलवरच्या ताब्याशिवाय आणखीही काही आहे. ओपनर ६ इस्पिक.

ओपनरने मध्येच ४ नो ट्रम्प म्हणून एक्के विचारले असते तर? उत्तर एकही एक्का नाही असं आलं असतं आणि तो पाच इस्पिकवर थांबला असता. ज्या रंगात आपली दोन छोटी पानं आहेत तिथे पार्टनरकडे काय आहे, हे एक्के मोजून कळत नाही. ब्लॅकवुड, म्हणजे हे एक्के विचारणारं ४ नो ट्रम्प, उशिरा वापरा.

आता भिकार पानांचं पाहू:

इस्पिक: ७ २
बदाम: १० ८ ५ ३
चौकट: गुलाम ९ ६ ४
किलवर: ९ ६ २

एक गुण. २ चौकट, मग ३ किलवर. ओपनर ३ इस्पिक म्हणाला तर पास करा. त्याचे नऊ हात, तुमचा शून्य, करार नऊचा. ओपनरकडे दहा हात असते तर त्याने स्वतःच चार म्हटलं असतं. भिकार पानं सांगून झाल्यावर ती जबाबदारी त्याची आहे. तुमच्याकडे अशाच पानांत तीन इस्पिक असते, किंवा दोन इस्पिक आणि कुठेतरी एकच पान असतं, तर ३ इस्पिकवर चार म्हणायला हरकत नाही.

इशारा: ३ किलवर न सांगता २ इस्पिकवर किंवा नंतरच्या तीनच्या बोलीवर पास करणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिला माफी नाही. आधी भिकार पानं सांगा, मगच थांबायचा हक्क मिळतो.

टप्पा ६: ओपनरने २ नो ट्रम्प म्हटल्यावर

२ नो ट्रम्प थेट ओपनिंग असताना जी उत्तरं देता, तीच इथे द्या. ३ किलवर स्टेमन, ३ चौकट म्हणजे बदामकडे ट्रान्सफर, ३ बदाम म्हणजे इस्पिककडे. नवीन काही शिकायला नको. ओपनर दोन गुणांनी जास्त आहे एवढाच फरक.

२२ समोर तीन गुण असले की गेमला जा. त्याहून कमी आणि समतोल असाल तर पास. शून्य गुण पण बदामची पाच-सहा पानं असतील तर ३ चौकट म्हणा आणि पार्टनरच्या ३ बदामवर पास करा. तुमची छोटी बदामं नो ट्रम्पमध्ये पडून राहतील. बदाम हुकूम झालं की तीच पानं हात देतात.

वरच्या बाजूला ३३ हा आकडा लक्षात ठेवा. समतोल पानांना सहा नो ट्रम्पसाठी दोघांचे मिळून तेवढे लागतात, आणि सातसाठी ३७. तुमच्याकडे समतोल नऊ-दहा असतील तर ४ नो ट्रम्प म्हणा. हे एक्के विचारणं नव्हे. याचा अर्थ ‘२४ असतील तर सहा, २२ असतील तर पास’ असा आहे. हुकूम ठरलेला नसताना नो ट्रम्पवर दिलेलं ४ नो ट्रम्प कधीही ब्लॅकवुड नसतं. एक्केच हवे असतील तर ४ किलवर, गर्बर. या एका गैरसमजापायी दर हंगामात किती सहा नो ट्रम्प एका हाताने बुडतात, ते क्लबातल्या कुठल्याही डायरेक्टरला विचारा.

टप्पा ७: प्रतिस्पर्धी मध्ये घुसले तर

त्यांच्याकडे गुण नाहीत हे त्यांनाही माहीत असतं. त्यांना फक्त तुमची जागा खायची असते. २ किलवरवर तुमच्या उजवीकडून २ इस्पिक आलं की तुमचं २ चौकट गेलं. घाबरून बोलू नका, सोपी व्यवस्था अशी:

डबल म्हणजे भिकार पानं, शून्य ते तीन. पास म्हणजे त्याहून बरी पानं, आणि त्यावर ओपनरला पास करता येत नाही. नवा रंग म्हणजे टप्पा ३ मधल्याच अटी. त्यांनी तीनवर उडी मारली तरी हेच.

डबल हा दंडासाठी नाही हे दोघांच्याही डोक्यात पक्कं हवं. दंडाचा निर्णय ओपनर घेतो, आणि तो घेताना व्हल्नरेबिलिटी (त्या डावात कुणाचे बोनस आणि दंड वाढीव आहेत ते) बघतो. तुम्ही व्हल्नरेबल, ते नाहीत, तर तुमचं चार इस्पिक ६२० चं. त्यांना डबल करून तीन हातांनी बुडवलं तर ५००, चार हातांनी ८००. तीनच हात दिसत असतील तर गेम घ्या.

दोन किलवरला नुसतं डबल आलं, म्हणजे त्यांच्याकडे किलवर आहे, तर तुमची काहीच जागा गेलेली नाही. पूर्वीसारखंच २ चौकट. चांगलं, लांब किलवर तुमच्याकडे असेल तरच रिडबल.

टप्पा ८: टेबलावर विचारलं तर काय सांगायचं

कुठल्या बोलीला अ‍ॅलर्ट (प्रतिस्पर्ध्यांना ‘ही बोली वेगळ्या अर्थाची आहे’ असा इशारा) लागतो, हे स्पर्धेच्या नियमांवर ठरतं, ते आधी वाचा. विचारल्यावर ‘वेटिंग’ एवढं एकच म्हणणं पुरेसं नाही. ‘कितीही गुण, चौकटशी संबंध नाही, बहुधा चांगला पाच पानी रंग नाही’ असं पूर्ण सांगा. ३ किलवरबद्दलही तसंच.

पार्टनरने तुमच्या बोलीचा अर्थ चुकीचा सांगितला तर लगेच तोंड उघडायचं नाही, चेहराही बदलायचा नाही. डाव तुमच्या बाजूने खेळला जाणार असेल, तर बोली संपल्यावर आणि पहिलं पान पडण्याआधी डायरेक्टरला बोलावून दुरुस्ती सांगा. तुम्ही बचाव करणार असाल तर डाव संपल्यावर.

टप्पा ९: सराव

पानं येण्याची वाट बघत बसलात तर वर्ष जाईल. बीबीओवर (ब्रिज बेस ऑनलाइन या संकेतस्थळावर) बोलीचं टेबल उघडून एका बाजूला वीसपेक्षा जास्त गुण येतील अशी अट घालता येते. खेळ खेळायचा नाही, फक्त बोली संपवायची आणि मग दोघांची पानं उघडून बघायची.

हातात पत्ते घेऊन करायचं असेल तर एक्के, राजे, राण्या, गुलाम अशी सोळा पानं वेगळी काढा. ती पिसून त्यातली नऊ आणि छोट्यांतली चार पानं ओपनरला द्या. उरलेली सगळी एकत्र पिसून बाकी तिघांना वाटा. ओपनरचे गुण सरासरी साडेबावीस येतात. कधी एकोणीस येतील, ते उत्तमच आहे, कारण दोन किलवर म्हणायचं नाही हे ठरवण्याचाही सराव होतो. या वाटपात फार लांब रंग क्वचितच येतात. तसे हवे असतील तर एका रंगाची सहा पानं आधीच ओपनरकडे ठेवा आणि बाकीची सात त्याला वरच्यासारखी द्या, त्यातली चार-पाच चित्रं.

प्रत्येक डावानंतर एकच गोष्ट लिहून ठेवा. रिस्पॉन्डरची दुसरी बोली काय होती, आणि त्यावरून ओपनरने त्याच्याकडे काय धरलं होतं. दोघांची उत्तरं जिथे जुळत नाहीत, तिथे टप्पा १ मधल्या यादीत एक ओळ वाढवा.